यंत्राचे मेज : दीडशे वर्षांचा एक इतिहास

आपल्या सुतार समाजाच्या कारागिरीविषयी लिहावयाचे झाले की लेखणी सहजच मंदिरांचे मंडप, वाड्यांच्या तुळया, रथ आणि बैलगाड्या यांकडे वळते. आणि त्यात वावगे असे काही नाही. परंतु ज्या एका वस्तूपुढे आज आपल्या घराघरांतील मुलामुलींचा सबंध दिवस जातो, तिचा इतिहास आपल्यापैकी कोणी सांगितल्याचे आम्हांस स्मरत नाही. ती वस्तू म्हणजे संगणकाचे मेज. संगणक कोणी शोधून काढला याची चर्चा पुष्कळ होते; पण तो ज्यावर ठेवावयाचा ते मेज कोणी, केव्हा आणि कोणत्या अडचणीतून घडविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न खरे पाहता आपल्या धंद्याचा आहे, म्हणून तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

या इतिहासाचा अभ्यास करीत असता आमच्या ध्यानात एक गोष्ट पुनःपुन्हा आली. नवे यंत्र निघाले म्हणजे ते प्रथम जुन्याच मेजावर ठेवले जाते. मेज यंत्राला जुळत नाही. ती तूट बसणाऱ्याचे खांदे, मनगटे आणि मान भरून काढतात. पुढे पुष्कळ वर्षांनी कोणी तरी बसणाऱ्याकडे पाहतो आणि मग मेज बदलते. तोवर दुसरे यंत्र आलेले असते. हा क्रम निदान तीन वेळा घडला आहे आणि चौथ्यांदा तो आपल्या घरांतून चालू आहे.

प्रथम जुन्या मेजाचा विचार करू. आपल्याकडील कारकून बैठकीवर मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसे, कागद त्या गुडघ्यावर घेई आणि बोरूने मोडी लिही. वही मोठी असली तर पुढ्यात उतरत्या झाकणाची बुटकी पेटी असे. पोथी वाचावयाची झाल्यास ती ठवणीवर ठेवीत. या सर्व साधनांत उंचीचे माप बसणाऱ्याच्या अंगावरून ठरे. अंगुळ, वीत आणि हात ही आपली मापेच मुळी शरीराची होती. बारा अंगुळांची वीत आणि दोन वितींचा हात. इंग्रजी कचेरी आली तेव्हा तिच्याबरोबर खुर्ची आली आणि सुमारे तीस इंच उंचीचे मेजही आले. हे माप टाक आणि खातेवही यांच्यासाठी ठीक होते, कारण लिहिणारा मनुष्य कोपर मेजावर टेकून लिहितो.

अशा लिहिण्याच्या मेजाचा कळस अमेरिकेत १८७४ साली झाला. इंडियानापोलिस येथील विल्यम वूटन याने त्या वर्षी एका मेजाचे पेटंट घेतले. ते मिटलेले असता मोठ्या कपाटासारखे दिसे; दोन जाड दारे उघडली की दोन्ही बाजूंस कप्पेच कप्पे. मोठ्या नमुन्यांत खण आणि कप्पे मिळून शंभरावर भरत. धनाढ्य रॉकफेलर आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याजवळ असली मेजे होती. एका माणसाचा सारा कारभार एका कुलपाखाली राहावा, अशी ती रचना होती. त्यातील सुतारकाम उत्तम होते, हे चित्रे पाहूनही कळते.

दैवयोग असा की त्याच १८७४ साली, त्याच देशात, या मेजाचा काळ संपविणारे यंत्र बाजारात आले. शोल्स आणि ग्लिडन यांचे टंकलेखनयंत्र न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावी रेमिंग्टनच्या कारखान्यात तयार झाले. हा कारखाना बंदुका करी आणि शिवणयंत्रेही करी. टंकलेखनयंत्र ठेवावे कशावर, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्या लोकांनी जवळ होते तेच वापरले. पहिले यंत्र शिवणयंत्राच्या लोखंडी घोडीवर बसविले गेले. खाली पायडलही होते. ते दाबले म्हणजे कागदाची गाडी ओळीच्या आरंभी परत येई. यंत्रासाठी म्हणून मुद्दाम केलेली पहिली लिहिण्याची बैठक ती ही. ती शिंप्याकडून उसनी आणलेली होती. तरीही तिच्यात एक गुण होता. शिवणयंत्राची घोडी बसून काम करणाऱ्याच्या हाताच्या उंचीने केलेली असते, त्यामुळे तीवर बसणाऱ्याचा विचार आपोआप झाला होता.

लवकरच पायडल गेले आणि यंत्र नुसतेच मेजावर येऊन बसले. तेथे पहिली तूट पडली. मेज तीस इंचांचे आणि त्यावर यंत्राच्या कळा आणखी चार-पाच इंच उंच. टंकलेखकाचे कोपर हवेत आणि खांदे कानांजवळ. वूटनच्या मेजात तर यंत्रास जागाच नव्हती. १८८२ साली बफेलो येथील अ‍ॅबनर कटलर याने पट्ट्यांचे गुंडाळते झाकण असलेल्या मेजाचे पेटंट घेतले. ते मेज फार लोकप्रिय झाले, पण तेही टाकाने लिहिणाऱ्याचेच होते. पुढे कारागिरांनी दोन तोडगे काढले. एकात मेजाच्या एका बाजूस तीन-चार इंच खालच्या पातळीचा जोडफळा दिला, म्हणजे यंत्राचा तळ सव्वीस-सत्तावीस इंचांवर येई. दुसऱ्यात शिवणयंत्राच्या पेटीप्रमाणे बिजागरीचा बुडता फळा केला. काम संपले की यंत्र पोटात जाई आणि वरचा फळा सपाट होई. यांतील प्रत्येक सुधारणेचा अर्थ एकच होता : कळा कोपराच्या पातळीवर आल्या पाहिजेत. या तीन-चार इंचांत सारा शोध सामावलेला आहे.

आपल्या देशात टंकलेखनयंत्रे प्रथम बाहेरून येत. १९५५ साली मुंबईत गोदरेजने भारतीय बनावटीचे यंत्र काढले. जिल्ह्याच्या गावांतून टंकलेखनाच्या शाळा निघाल्या आणि त्यांच्यासाठी बुटकी, जाड पायांची, धक्क्याने न हलणारी मेजे आपल्याच कारागिरांनी केली. साध्या साग्याची वा जांभळाची ती मेजे होती. पण त्यांची उंची बरोबर असे, कारण शाळेचा मास्तर स्वतः टंकलेखक असे आणि उंच मेज तो परत पाठवी.

यानंतर संगणकाचे युग आले. आरंभीच्या संगणकापुढे सुताराला काम नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला टिफ्रॅक १९६० साली कामास लागला, तो खोलीभर पसरलेला होता. असल्या यंत्रांत मेज हा यंत्राचाच लोखंडी भाग असे. त्या काळातील मुद्रकही कपाटाएवढे असत. आयबीएमचा १९५९ सालचा १४०३ या क्रमांकाचा मुद्रक मिनिटाला सहाशे ओळी छापी आणि त्याचा आवाज मोठा असे. त्याच्या एका पुढील नमुन्याचे झाकण कागद संपताच आपोआप उघडे. त्यावर कोणी चहाचा पेला ठेवला असेल तर तो खाली येई. यंत्राचा माथा दिसला की मनुष्य त्याचे मेज करतो, ही गोष्ट यंत्र करणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती.

संगणकापुढे बसणाऱ्या मनुष्याचा विचार आरंभी ज्यांनी केला त्यांत डग्लस एंगेलबार्ट यांचे नाव घ्यावे लागते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दाखविले. त्यातील ‘माऊस’ जगप्रसिद्ध झाला. पण ते ज्या आसनावर बसले होते ते फारसे कोणास आठवत नाही. हर्मन मिलर या फर्निचर करणाऱ्या मंडळींचे आरेखक जॅक केली यांनी ते तयार केले होते. कळफलकाचे तबक मेजावर नव्हतेच. ते खुर्चीला जोडलेले होते. मध्ये कळफलक, डाव्या हाताशी पाच कळांची छोटी पट्टी आणि उजव्या हाताशी माऊस. बसणारा जिकडे वळेल तिकडे कळा वळत. त्याच वर्षी याच मंडळींनी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या कल्पनेचे दुसरे ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ विक्रीस आणले. त्यात उभ्या पडद्यांना खाचा होत्या आणि कामाचा फळा हव्या त्या खाचेत, हव्या त्या उंचीवर अडकविता येई. पुढे धंदेवाइकांनी पडदे तेवढे घेतले, उंची बदलण्याची सोय सोडून दिली आणि कचेऱ्यांत कोंडवाड्यांसारख्या चौकटींच्या रांगा लावल्या.

१९७३ साली झेरॉक्सच्या संशोधकांनी ‘आल्टो’ हा संगणक केला. त्याचे मुख्य यंत्र मेजाखालच्या पेटीत आणि पडदा व कळफलक वर, अशी मांडणी होती. १९७७ सालच्या ‘अ‍ॅपल टू’मध्ये कळफलक यंत्राच्याच कवचात बसविला होता, १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाला मात्र पिळाच्या तारेने जोडलेला सुटा कळफलक मिळाला. सुताराच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. कळा आणि पडदा वेगळे झाले म्हणजे कळांना एक पातळी आणि पडद्याला दुसरी पातळी देता येते. आता यंत्र सुट्या खोक्यांतून येऊ लागले आणि ते मांडण्याचे काम पुन्हा लाकडावर काम करणाऱ्याकडे आले.

मुद्रकाच्या घडवंचीची कथाही अशीच आहे. १९८० नंतर एप्सनच्या एमएक्स-८० सारखे ठिपक्यांचे मुद्रक जगभर पसरले. त्यांचा कागद अखंड, घड्या घातलेला आणि दोन्ही कडांस भोके असलेला. साध्या मेजावर मुद्रक ठेवला तर कोरा कागद ठेवावा कोठे आणि छापलेला पडावा कोठे? मागे ठेवलेली कोऱ्या कागदाची चवड आणि छापून पडलेला कागद एकमेकांत गुंतत. मग घडवंचीच्या माथ्यावर लांबट चीर कापण्यात आली. कोऱ्या कागदाचा गठ्ठा खालच्या फळीवर. तेथून कागद चिरेतून सरळ वर चढे आणि छापून झाल्यावर मागच्या तारेच्या टोपलीत आपोआप घडी होऊन बसे. चीर मुद्रकाच्या तोंडाशी समांतर नसली तर कागद तिरपा ओढला जाऊन भोके फाटत. म्हणजे येथे गुण्याचे काम होते. आवाजासाठी आतून मऊ स्पंजाचे अस्तर आणि वर पारदर्शक झाकण असलेली पेटी करीत, आणि आत उष्णता साठू नये म्हणून तीत पंखा बसवीत. १९८४ साली एचपीचा लेसरजेट आला, सुटे कागद आले आणि त्या चिरेच्या घडवंच्या हळूहळू अडगळीत गेल्या. तथापि एकाच वेळी अनेक प्रती काढाव्या लागतात अशा ठिकाणी ठिपक्यांचे मुद्रक अजूनही कामावर आहेत.

इकडे बसणाऱ्यांची गाऱ्हाणी वाढत चालली होती. ऑस्ट्रेलियात १९८० नंतरच्या काही वर्षांत कळफलकावर काम करणाऱ्या हजारो लोकांनी हात आणि मनगटे दुखत असल्याच्या तक्रारी केल्या. त्यांच्या कारणांविषयी वैद्यांत मतभेद झाले. पण काम करण्याच्या जागेकडे लक्ष वेधले गेले ते कायमचेच. झुरिक येथील एत्येन ग्राँजाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बदलता येणारी मेजे कामगारांना देऊन पाहिली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ताठ न बसता ते लोक पाठ किंचित मागे टेकून बसत असल्याचे आढळले. त्यापूर्वीच डेन्मार्कचे शल्यवैद्य मांडाल हे शाळेतील मुलांसाठी उतरत्या मेजाचा आग्रह धरीत होते. आपल्या कारकुनाच्या पेटीचे झाकणही उतरतेच होते, याची येथे आठवण होते.

अखेर २९ मे १९९० रोजी युरोपीय राष्ट्रसमूहाने पडद्यापुढे काम करणाऱ्यांसाठी निर्देश काढला. कळफलक पडद्यापासून सुटा आणि तिरका करता येण्याजोगा असावा, त्याच्यापुढे हात टेकण्यास जागा असावी, आसनाची उंची कमीजास्त करता यावी, आणि जो मागेल त्यास पाय टेकण्याचे पाट द्यावे, असे त्यात लिहिले आहे. जे एखाद्या वृद्ध कारागिराने पाहताक्षणी सांगितले असते ते कायद्यात यावयास टंकलेखनयंत्रापासून एकशे सोळा वर्षे लागली. आपल्याकडील मापांचे मोठे काम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून झाले. देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीयांच्या शरीरमापांचा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला. तोवर परदेशी माणसांच्या उंचीवर बेतलेले तीस इंच आपण डोळे मिटून कापीत होतो.

डोळे मिटून कापणाऱ्यांत आम्हीही होतो. हे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम निघाला आणि तालुक्याच्या गावांतूनही संगणकाचे वर्ग सुरू झाले. अशा एका वर्गाची चोवीस मेजे करण्याचे काम आम्हांस मिळाले. मालकांनी एका मासिकातून कापलेले चित्र दिले : उंची तीस इंच, वर सनमायका, कळफलक माथ्यावरच. आम्ही एक शब्दही न बोलता चित्राप्रमाणे मेजे करून दिली आणि पैसे घेतले. सहा महिन्यांनी एका खणाचे कुलूप दुरुस्त करण्यास गेलो असता वर्ग चालू होता. नववी-दहावीच्या मुली खांदे उचलून कळा दाबीत होत्या. पाय जमिनीस पोहोचत नव्हते. त्यांपैकी एकीने बाहेरून वीट आणून पायाखाली घेतली होती. ती वीट पाहून आम्हांस जी लाज वाटली ती आजही वाटते. त्या मुलीने आपल्या अंगाचे माप स्वतः घेतले होते. ते घेणे आमचे काम होते.

आम्ही मजुरी न घेता प्रत्येक मेजाखाली चार इंचांवर सरकता फळा बसविला. तेथेही चूक केली. फळा वीस इंच रुंद ठेवला. कळफलकच सुमारे अठरा इंचांचा, त्यामुळे माऊस वरच राहिला आणि मुले उजवा हात लांब करून तो फिरवू लागली. मग फळे काढून सत्तावीस इंचांचे केले, तेव्हा कोठे ते काम पुरे झाले. पहिल्याच दिवशी एका मुलीस खुर्चीवर बसवून पट्टी लावली असती तर हे दोन्ही फेरे वाचले असते.

आता चौथ्या वेळेची गोष्ट. मांडीवर घेता येणाऱ्या संगणकात कळा आणि पडदा पुन्हा एकत्र आले आहेत. त्यामुळे कळा हाताशी ठेवाव्या तर मान वाकते आणि पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात उचलावे लागतात. १९९० चा निर्देश लिहिणाऱ्यांनी असली यंत्रे दीर्घकाळ वापरली जात नसतील तेव्हाच नियमातून वगळली होती. ती सबंध दिवस वापरली जातील असे तेव्हा वाटले नसावे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि कचेऱ्या व शाळा घरांत आल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पलंगावर, जेवणाच्या मेजावर आपल्या मुलांनी दिवसच्या दिवस काढले. पुष्कळांची ती सवय अद्याप सुटलेली नाही.

आपल्या समाजातील अनेक मुलांनी रंधा आणि पटाशी सोडून कळफलक हाती घेतला आहे. त्याचा आम्हांस विषाद नाही. पोटाचा व्यवसाय काळाप्रमाणे बदलतो. परंतु ज्या घरात तीन पिढ्या दुसऱ्यांसाठी आसने घडली, त्या घरातील मुलगा वाकड्या मानेने काम करीत असेल तर ते पाहून स्वस्थ बसणे आम्हांस शक्य नाही. त्याला हवे असलेले ज्ञान त्याच्याच आजोबांच्या हातांत आहे.

म्हणून सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे. येत्या रविवारी घरातील यंत्रापुढे बसणाऱ्यास नेहमीच्या खुर्चीवर बसवावे. पाऊल सपाट टेकते की नाही ते पाहावे. टेकत नसेल तर तिरका पाट करून द्यावा. हात सैल सोडून कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंत पट्टी लावावी. कळांची उंची तीच. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस आणि अंतर सुमारे हाताच्या लांबीचे असावे. मांडीवरचा संगणक असेल तर फळीच्या तुकड्यांतून एकमेकांत अडकणारी ठवणी करावी, जशी पोथीसाठी करतात, आणि कळफलक सुटा घ्यावा. लाकूड अडगळीतील चालेल. माप मात्र त्या मनुष्याचेच असावे, आणि मूल वाढते आहे तोवर ते दर वर्षी नव्याने घ्यावे. एवढे प्रत्येक घरी झाले तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.